नगरसेवक ओळखीचा आहे, मग मनपाचं काम घ्यावं का?



सरकारी टेंडर कशी भरायची, यावरचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. उद्यम नोंदणी, डिजिटल सही, अनामत रक्कम, महाटेंडर्स पोर्टल हे सगळं त्यात आलं. एक विषय मात्र कॅमेऱ्यासमोर दहा मिनिटांत उरकण्यासारखा नव्हता, म्हणून तो इथे लिहून देतोय. तो विषय म्हणजे ओळख.

नागपुरात नवीन धंदा सुरू करणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला, "ओळखीशिवाय कॉर्पोरेशनमध्ये पान हलत नाही." दुसरा, "घरातलं कोणी तिथं असेल तर त्या वाटेला जाऊच नको, उद्या अंगाशी येईल." दोन्ही सल्ले देणारे तुमचं भलंच चिंततात, पण दोघांनीही कायदा वाचलेला नसतो. ओळख असणं हा गुन्हा नाही. ओळखीच्या माणसाचा पैसा तुमच्या कामात अडकलेला असणं, ही वेगळी गोष्ट आहे. आपल्याला ती रेघ नेमकी कुठे आहे ते बघायचं आहे.

आधी एक गोंधळ दूर करू. बरेच जण "हितसंबंध" म्हटलं की लगेच लाच समजतात. लाचेत पाकीट असतं. हितसंबंधात पाकीट नसलं तरी चालतं. समजा, महालात तुमची छोटी प्रिंटिंग प्रेस आहे आणि तुमचा भागीदार नगरसेवक म्हणून निवडून आला. आता मनपाच्या पावती-पुस्तकांचं काम तुम्हाला मिळालं. कोणी कोणाला एक रुपया दिला नाही, दरही बाजारभावाचाच आहे. तरी अडचण आहे, कारण दर कमी करून घेणं हे नगरसेवकाचं काम आणि दर जास्त मिळवणं हे दुकानदाराचं काम, आणि दोन्ही खुर्च्यांवर एकच माणूस बसला आहे. तो प्रामाणिक असेलही. पण कायदा त्याच्या मनात डोकावत नाही, खुर्च्या मोजतो.

कायद्यात काय लिहिलंय

नागपूर मनपाला २०१२ पर्यंत स्वतःचा वेगळा कायदा होता, १९४८ चा. त्यानंतर इथेही महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम लागू झाला. त्याचं कलम १० नगरसेवकाच्या अपात्रतेबद्दल आहे. त्यातलं एक कारण सोप्या भाषेत असं: जो माणूस स्वतः किंवा आपल्या भागीदारामार्फत, प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्षपणे, महापालिकेच्या कंत्राटात हिस्सा किंवा हितसंबंध ठेवतो, तो नगरसेवक होऊ शकत नाही. आणि आधीच झालेला असेल तर पद जातं.

याला काही सूट आहे. जागेचा भाडेपट्टा किंवा खरेदी-विक्री, ज्या वर्तमानपत्रात मनपाची जाहिरात येते त्यातला हिस्सा, जॉइंट स्टॉक कंपनीचे शेअर, अशा गोष्टी त्यात येतात. "मग आपण प्रायव्हेट लिमिटेड काढू, प्रश्नच मिटला," असं लगेच मनात आलं असेल तर थांबा. सूट कुठवर लागते हे शेवटी न्यायाधीश ठरवतात, युट्यूबवाला नाही. अशी पळवाट शोधण्याआधी वकिलाचे पैसे खर्च करा.

गावाकडे धंदा करणार असाल तर ग्रामपंचायतीचा १९५८ चा कायदा बघा. त्याच्या कलम १४ मध्येही जवळपास हेच आहे. पंचायतीच्या हुकमानं होणाऱ्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा हिस्सा नको. हिंगणा, कामठी, काटोल, उमरेडकडच्या मंडळींना याचा अनुभव शहरवाल्यांपेक्षा जास्त असतो, कारण गावात जेसीबी असतो एकाचा, आणि तो बहुतेक वेळा सरपंचाच्या नात्यातलाच निघतो.

आता मुख्य प्रश्न. नातं म्हणजे हितसंबंध का?

याचं उत्तर आपल्या विदर्भातल्याच एका खटल्यानं देऊन ठेवलंय, आणि तेही १९६६ साली. बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूरची नगरपालिका. तेव्हा तिथे १९२२ चा मध्यप्रांत-वऱ्हाडचा नगरपालिका कायदा चालत होता. निवडणुकीला उभ्या राहिलेल्या एका उमेदवाराचा मुलगा त्याच नगरपालिकेत नोकरीला होता. विरोधकाचं म्हणणं, बापाचा मुलाच्या नोकरीत हितसंबंध आहे, म्हणून तो अपात्र. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांच्या पीठानं जे सांगितलं त्याचा सारांश असा: नुसतं रक्ताचं नातं पुरेसं नाही. हितसंबंध म्हणजे पैशाचा, मालमत्तेचा किंवा तशाच स्वरूपाचा ठोस संबंध. मुलाबद्दल बापाला माया असणारच, पण माया म्हणजे कंत्राटातला हिस्सा नव्हे. पैशाचा धागा आहे की नाही, ते पुराव्यानं दाखवावं लागतं.

हे वाचून "चला, भाऊ नगरसेवक असला तरी मी मोकळा" असं वाटलं असेल. थोडं थांबा, आता गोव्याला चला.

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा एक नियम अजून चालतो. लग्न झालं की साधारणपणे नवरा-बायकोची संपत्ती सामायिक धरली जाते. तिथल्या एका पंचायत सदस्य बाईंच्या नवऱ्यानं पंचायतीचं काम घेतलं होतं. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे प्रकरण बघितलं आणि पत्नीचा त्या कंत्राटात हितसंबंध आहे असं धरलं. कारण नवऱ्यानं कमावलेला पैसा कायद्यानंच अर्धा तिचा होता. इथे नात्याचा विचार झाला नाही, पैसा कोणाच्या घरात जातो याचा झाला.

दोन्ही निकाल एकमेकांच्या शेजारी ठेवले की तुमच्या कामाची कसोटी हाती लागते. माझ्या मते तुम्ही स्वतःला हे प्रश्न विचारायला हवेत. त्या नातेवाइकाचं नाव फर्मच्या भागीदारी पत्रात आहे का? बँक खातं संयुक्त आहे का? धंद्यासाठी त्यानं कर्ज दिलंय का, किंवा तुमच्या कर्जाला जामीन राहिलाय का? गोडाऊन त्याच्या नावावर असून त्याला भाडं जातं का? धंदा एकत्र कुटुंबाचा आहे का? शेवटच्या प्रश्नावर आपल्याकडे बरेच जण अडखळतात. इतवारी, गांधीबागेत कितीतरी दुकानं अजून "आमच्या घरची" असतात. पाटी एका भावाची, गल्ला सगळ्यांचा. अशा घरातला एक भाऊ सभागृहात बसला आणि दुसऱ्यानं टेंडर भरलं, तर मलकापूरचा निकाल दाखवून सुटता येईल याची खात्री मी देणार नाही.

नवरा किंवा बायको सरकारी नोकरीत असेल तर

नागपूर हे उपराजधानीचं शहर. इथे दर दुसऱ्या घरात कोणीतरी सरकारी नोकरीत आहे, आणि आपल्या वर्गाला येणाऱ्या कितीतरी ताईंचे मिस्टर कुठल्या ना कुठल्या विभागात आहेत. त्यांना भीती वाटते की आपण टिफिन सर्व्हिस किंवा बुटीक सुरू केलं तर साहेबांची नोकरी जाईल.

जात नाही. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी १९७९ चे वर्तणूक नियम आहेत. कर्मचाऱ्यानं स्वतः परवानगीशिवाय धंदा करायचा नाही, पण घरातलं माणूस करत असेल तर त्यानं ते कार्यालयाला कळवायचं असतं. कळवायचं म्हणजे लेखी. तोंडी "साहेबांना माहितेय" याला काही किंमत नाही. शिवाय घरच्यांच्या धंद्यासाठी ऑफिसात शब्द टाकायचा नाही, आणि घरच्यांशी संबंधित फाइल आपल्या टेबलावर आली तर ती स्वतः न हाताळता वरिष्ठांकडे सोपवायची. म्हणजे ताईंनी धंदा करावा, बिनधास्त करावा. फक्त मिस्टरांनी त्यांच्या ऑफिसात डब्यांची ऑर्डर गोळा करत फिरू नये. मनपा आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांनी आपापल्या सेवा नियमांत हे काय लिहिलंय ते आस्थापना विभागात विचारून घ्यावं.

सगळ्यात मोठा धोका: नाव तुमचं, काम त्यांचं

वर जे सांगितलं ते बहुतांशी नगरसेवकाचं आणि कर्मचाऱ्याचं दुखणं. पद त्याचं जाईल, तुमचं काय? आता तुमच्या दुखण्याकडे येऊ, आणि हा लेख लिहायचं खरं कारण हेच आहे.

ज्याला कायद्यानं कंत्राट घेता येत नाही, त्याला एका नावाची गरज असते. ते नाव स्वच्छ लागतं. जीएसटी नंबर असलेलं, वेळेवर रिटर्न भरणारं, कुठे थकबाकी नसलेलं. म्हणजे नेमकं तुमच्यासारखं. मग एक दिवस कोणीतरी चहाला बोलावतो आणि म्हणतो, "भाऊ, तुला काहीच करायचं नाही. टेंडर तुझ्या फर्मच्या नावानं भरू. काम आमची माणसं करतील. बिल निघालं की तू पाच टक्के ठेव, बाकीचे काढून दे."

नवीन धंद्यात पहिल्या वर्षी गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेल्या माणसाला हे पाच टक्के लक्ष्मी चालून आल्यासारखे वाटतात. त्या पाच टक्क्यांत काय काय विकलं जातं ते बघू.

कामाचा करार तुमच्या सहीचा. रस्ता उखडला, माल निकृष्ट निघाला, तर नोटीस तुमच्या दुकानाच्या पत्त्यावर येणार आणि काळ्या यादीत तुमची फर्म जाणार. बिलाची पूर्ण रक्कम तुमच्या खात्यात, म्हणजे ती तुमची उलाढाल. स्थानिक संस्था अडीच लाखांच्या वरच्या कंत्राटावर जीएसटीचा २ टक्के टीडीएस कापते, आयकराचा टीडीएस वेगळा, आणि दोन्ही तुमच्या पॅन आणि जीएसटी नंबरवर दिसतात. मग उरलेले ९५ टक्के तुम्ही रोखीनं कोणालातरी काढून दिले, त्याची पावती कुठे आहे? खर्च दाखवायला बिलं नाहीत. आयकराच्या नजरेत तो सगळा नफा तुमचाच. आणि उद्या पोलिसांसमोर "साहेब, मी तर फक्त नाव दिलं होतं" हे वाक्य बचाव म्हणून चालत नाही. ती कबुली होते.

याच जातीचा एक छोटा प्रकार आहे, जो इतका सर्रास चालतो की कोणाला तो चूक वाटतच नाही. कोटेशन. छोट्या खरेदीला तीन दरपत्रकं लागतात. मग एक दुकानदार स्वतःचं देतो आणि दोन मित्रांकडून कोरे लेटरहेड मागवून घेतो. तुमचा मित्रही मागेल. "फक्त शिक्का मारून दे रे." देऊ नका. तुमच्या लेटरहेडवर कोणता दर लिहिला जाणार आहे, कोणत्या विभागात जाणार आहे, हे तुम्हाला माहीत नसतं, आणि खोट्या स्पर्धेच्या फाइलमध्ये तुमचा शिक्का कायमचा बसतो.

हे मी घाबरवायला सांगत नाहीये. २०२१ च्या डिसेंबरमध्ये आपल्याच मनपातला स्टेशनरी घोटाळा गाजला. माल न पुरवताच बिलं निघाल्याचा आरोप होता आणि ६७ लाखांचा आकडा पेपरात येत होता. त्यात चौकशी फक्त मनपाच्या लोकांपुरती थांबली नाही, पुरवठादारांपर्यंतही पोहोचली. त्याच्या बऱ्याच आधीचं क्रीडा साहित्याचं प्रकरण जुन्या लोकांना आठवत असेल. त्यावर नंदलाल समिती बसली, अनेक नगरसेवकांवर गुन्हे दाखल झाले आणि प्रकरण वर्षानुवर्षं रेंगाळलं. एवढा काळ कोर्टात जाणं राजकारण्याला एक वेळ परवडतं. वकील असतात, कार्यकर्ते असतात, पुढची निवडणूक असते. दुकान बंद ठेवून तारखेला जाणाऱ्या माणसाला परवडत नाही.

लक्ष कोण ठेवतं, आणि तुम्ही कोणाकडे जाऊ शकता

इथे आपली व्यवस्था थोडी विचित्र आहे. गावात सदस्याचा कंत्राटात हिस्सा आहे असं वाटलं, तर कोणीही माणूस जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकतो, आणि त्यांनी शक्यतो साठ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. शहरात मात्र कलम १२ नुसार हा प्रश्न न्यायाधीशांपुढे नेण्याचा मार्ग नगरसेवकांना आहे, किंवा महापालिकेनं सांगितलं तर आयुक्तांना. तुमच्या-माझ्यासारख्या नागरिकाला त्या दारातून थेट जाता येत नाही. हायकोर्टाचं नागपूर खंडपीठ आहे, पण तो छोट्या माणसाचा रोजचा रस्ता नव्हे. मला ही सरळ उणीव वाटते. शहरातलं कंत्राट गावापेक्षा मोठं आणि तक्रारीचं दार गावापेक्षा अरुंद.

महापालिकेच्या आत मुख्य लेखापरीक्षक असतो. तो हिशेब तपासून स्थायी समितीला अहवाल देतो. पण मार्च २०२२ मध्ये नागपूर मनपाची मुदत संपली आणि पुढे बराच काळ प्रशासकाचा कारभार चालला. म्हणजे सभागृह नाही, स्थायी समिती नाही. निर्णय घेणारे आणि त्या निर्णयांवर प्रश्न विचारायचे अधिकार असलेले, दोन्ही एकाच ठिकाणी. प्रशासक चांगला की वाईट हा मुद्दा नाही. घरात हिशेब लिहिणारा आणि तपासणारा एकच असेल तर काय होतं, ते धंदा करणाऱ्याला सांगायला नको.

राज्य पातळीवर लोकायुक्त आहेत. १९७१ च्या कायद्यानं महाराष्ट्रात ही संस्था आली, देशात फार लवकर आली. त्या कायद्यानं त्यांच्या हातात मुख्यतः शिफारस करणं होतं. अधिक अधिकार देणारं नवं विधेयक डिसेंबर २०२२ मध्ये इथेच, नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात, विधानसभेनं मंजूर केलं आणि वर्षभरानं विधान परिषदेनं. इंग्लंडमध्ये तर २०११ च्या कायद्यानं निवडून आलेल्या स्थानिक सदस्याला २८ दिवसांत आपले आणि जोडीदाराचे आर्थिक हितसंबंध एका नोंदवहीत लिहावे लागतात, आणि ती नोंदवही कोणालाही बघता येते. आपल्याकडे निदान उमेदवारी अर्जासोबतचं मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र तरी जनतेसमोर असतं. ते वाचायची सवय लावा. कोणाची कोणत्या फर्ममध्ये भागीदारी आहे, त्याचा अंदाज तिथे येतो.

तुमच्या रोजच्या उपयोगाची हत्यारं मात्र दोनच.

पहिलं, माहितीचा अधिकार. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. टेंडर हरलात तर रडत बसू नका. निकाल लागल्यावर दरांचा तुलनात्मक तक्ता, कार्यादेश आणि मोजमाप पुस्तकाची प्रत मागा. कधीकधी "व्यापारी गुपित" म्हणून नकार मिळतो. तेव्हा पहिलं अपील करा, त्याचीही मुदत ३० दिवसांची. बऱ्याचदा असं कळतं की घोटाळा काहीच नव्हता, समोरच्याचा वाहतूक खर्चच तुमच्यापेक्षा कमी होता. तेही धंद्याला उपयोगाचंच.

दुसरं, लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, टोल फ्री नंबर १०६४. इथली गोष्ट नीट वाचा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणं हासुद्धा गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा. नगरसेवकही लोकसेवकच धरला जातो. पण तुमच्यावर जबरदस्ती झाली म्हणून तुम्ही पैसे दिले, तर सात दिवसांच्या आत तपास यंत्रणेला कळवल्यास तुम्ही गुन्हेगार ठरत नाही. सात दिवस. आठव्या दिवशी तुम्ही पीडित आहात की आरोपी, हा वादाचा विषय होतो. त्यापेक्षा चांगलं, मागणी झाली की पैसे देण्याआधीच जा. ते आधी मागणीची पंचांसमोर पडताळणी करतात, मग सापळा लावतात. सापळ्यासाठी तुम्ही दिलेली रक्कम नंतर परत मिळते. आणि "मी वरती बोलून काम करून देतो" असं म्हणून पैसे घेणारा मध्यस्थही याच कायद्यात येतो, तो कोणाचा पीए असो की कोणाचा भाचा.

आता तुमचं पत्र

तुमच्या ओळखीचं कोणी मनपात किंवा पंचायतीत आहे, पैशाचा धागा काहीच नाही, आणि तुम्हाला स्पर्धेत उतरून काम घ्यायचं आहे. तर जरूर घ्या. फक्त लपवू नका. टेंडरच्या कागदांत नातेवाइकांबद्दल प्रतिज्ञापत्र मागितलं असेल तर खरं लिहा. मागितलं नसेल तरी फर्मच्या लेटरहेडवर एक साधं पत्र जोडा:

"मा. आयुक्त, नागपूर महानगरपालिका यांस. विषय: निविदा क्रमांक ___ बाबत माहिती देणे. महोदय, आमच्या फर्मचे मालक श्री./श्रीमती ___ यांचे ___ (नातं) हे आपल्या महापालिकेत ___ (पद) म्हणून कार्यरत आहेत. त्यांचा आमच्या फर्ममध्ये भागीदारी, कर्ज, जामीन, भाडे किंवा इतर कोणत्याही स्वरूपाचा आर्थिक हिस्सा नाही. ही माहिती आम्ही स्वतःहून देत आहोत. सदर निविदेच्या छाननीत त्यांचा सहभाग नसावा, ही विनंती."

शेवटची ओळ महत्त्वाची आहे, ती गाळू नका. आणि त्यातलं एकही वाक्य खोटं असेल तर हे पत्र देऊ नका, टेंडरही भरू नका.

ऑनलाइन टेंडर असेल तर हे पत्र स्कॅन करून तांत्रिक लिफाफ्यातच टाका, आर्थिक लिफाफा नंतर उघडतो. एक प्रत सिव्हिल लाइन्सच्या मुख्यालयात आवक विभागात द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का बहुतेक वेळा फिकट उमटतो. तारीख वाचता येत नसेल तर तिथल्या तिथे पुन्हा मारून घ्या.